चांदीच्या चार दिशा

नीलेशच्या बाबांना,

हे पत्र टाकू कुठं? तरी लिहिते.

आपला नीलेश आज जहाजावर नोकरीला गेला. त्याच्यासाठी अजमानच्या बाजारातल्या एका तुआरेग, म्हणजे सहारा वाळवंटातल्या जमातीच्या, कारागिराकडून चार टोकांचं चांदीचं पदक घेतलं. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "सोनं अपशकुनी." इथं आखातात, सोन्याच्या दुकानांमध्ये बसून हे बोलतो, बघा! "आमच्यात निघणाऱ्या मुलाला बाप हे देतो. म्हणतो, चारी दिशा तुला दिल्या, मरण कुठं येईल कुणास ठाऊक."

मी खेकसले, "मेल्या, मरणाचं कशाला काढतोस?"

तुम्ही साइटवरून पडून गेलात. बाप कुठून आणू? मीच घातलं. दिशा दिल्या, पुढचं तोंडातून निघेना. म्हटलं, "पोचलास की फोन कर."

त्या सकाळी तुम्हालाही एवढंच म्हटलं होतं.

तुमची,
नर्मदा