गेमपेटीच्या लॅमिनेटची हकीकत

जठारपेठ, अकोला
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप खुशालमामांना भाचा नितेशचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वरूडला नीलमताईकडे तुमचा मुक्काम, तिथे संत्र्यांची तोड जोरात असेल, तुमचा गुडघाही आता बरा असेल. इकडे सीमा आणि आकांक्षा ठीक आहेत. मी ठीक नाही. काल बसलेला धक्का अजून उतरला नाही. फोनच करणार होतो, पण तुमचा आवाज ऐकला की माझी वाचा बसते (चाळिशी ओलांडली तरी), म्हणून हे पत्र वरूडला निघालेल्या गोवर्धन गाडीवाल्याच्या हाती देतो.

अमरावतीला शिकत होतो तेव्हा नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातून तुम्ही मला कान धरून बाहेर काढलं होतं. (तेव्हा मी जिंकत होतो. असो.) ती हौस राहून गेली होती. यंदा मी घरीच तशी पेटी केली : प्लायवूडचं माणसाएवढं कपाट, आत जुना टीव्ही, समोर दांडी आणि बटणं. दोन्ही बाजूंना चित्र हवं होतं. कागद चिकटवला तर महिन्यात निघून येतो, म्हणून आपलं चित्र छापून देतात ते लॅमिनेट, सनमायकासारखंच, इथल्या एका फ्लेक्सच्या दुकानात करायला टाकलं. चित्र असं : डोंगरावर उघड्या अंगाचा राक्षस, हातात गदा, कमरेला हाडांची माळ. फक्त त्याचा चेहरा पक्का व्हायचा होता.

चूक एवढीच झाली की तुमच्या एकसष्टीचं बॅनरही मी त्याच दुकानात दिलं. सोसायटीच्या निवडणुकीला तुम्ही पहिल्यांदा उभे राहता आहात, हिवरखेडच्या चौकात तुमचा चेहरा ठसठशीत दिसायला हवा, म्हणून चांगलं दहा फुटी. राक्षसाचा चेहरा आणि तुमचा फोटो मी लागोपाठ व्हॉट्सॲपवर पाठवले. तिथला डिझायनर हुशार आहे, पण वाढदिवस असो की निवडणूक, त्याच्या हाताला एकच वळण. आलेला चेहरा कापायचा, हात जोडलेल्या पांढऱ्या जॅकेटच्या तयार धडावर बसवायचा आणि वर गुलाबी फेटा चढवायचा. (चेहऱ्याकडे तो पाहत नाही, असं आता माझं ठाम मत झालं आहे.)

लॅमिनेटवर पांढरी झिल्ली असते. ओरखडे पडू नयेत म्हणून ती तशीच ठेवून मी दोन्ही बाजू चिकटवल्या, वजन ठेवून वाळवल्या आणि काल घरच्यांसमोर झिल्ली सोलली. आधी माळ दिसली, मग गदा, आणि मग मामा, तुम्ही. तोच चष्मा, तेच ओळखपत्रावरचं हसू. आकांक्षानं विचारलं, "बाबा, मामाआजोबाच्या हातात गदा कावून देली?" सीमा हसत सुटली, मी खाली बसलो. चिकटलेलं लॅमिनेट आता निघत नाही. पटाशी घेऊन खरवडायला गेलो, पण तुम्ही मला वडिलांच्या जागी, तुमच्या नाकावर पटाशी चालवायला हात धजेना. मला फार वाईट वाटतं आहे, मामा.

आपला (अजूनही) आज्ञाधारक भाचा,
नितेश

ता. क. : खरी गोष्ट वर लिहायची हिंमत झाली नाही. तुम्ही माझ्या पेटीवर आलात, म्हणजे राक्षस तुमच्या बॅनरवर गेला. बॅनरचा रोल बुधवारीच एसटीनं तुमच्या किशोरकडे रवाना झाला आणि किशोरचा फोन लागत नाही. तेव्हा रविवारी एकसष्टीला गावात येताना चौकातून न येता मागच्या पांदण रस्त्यानं घरी यावं, ही पाया पडून विनंती.

आणखी ता. क. : गोवर्धनची गाडी निघता निघता किशोरचा फोन आला. बॅनर कालच चौकात लागलं, त्यानं, तुमच्या पोटच्या पोरानं, स्वतःच्या हातानं बांधलं. फोटो पाहिलास का, विचारलं, तर म्हणाला मस्त आला आहे. शिंगं फेट्यात झाकली गेली, सुळे राक्षसाच्याच मिशीत गेले. लाल डोळे पाहून लोक हळहळले, प्रचारात झोप होत नसेल म्हणून. सकाळपासून सात हार पडले. समोरच्या पॅनेलचे नत्थुजीसुद्धा थांबून म्हणाले, "चष्मा काढल्यापासून खुशालभाऊ बरे दिसून राहिले. आता माह्यं मत यायलेच."

तर मामा, चौकातूनच या. फक्त चष्मा काढून या.