बुंदीला कुणी मारलं

१२ जानेवारी

खारी आणि टोस आज कुकरच्या शिट्टीला दचकलेच नाहीत! बुंदी ओट्याखाली पळाली, पण थोड्या वेळानं आपणहून बाहेर आली. यांची आई नांदेड रोडवर ट्रकखाली गेली तेव्हा तिन्ही पिल्लं मुठीएवढी होती. आता पंजे धरू देतात, कान बघू देतात. माणसाच्या हाताला भ्यायचं नाही — एवढं शिकवलं की माझं काम झालं. मग चांगली घरं बघायची.

आत्या (सासूबाई) म्हणाल्या, "शाळेतल्या लेकरांवर वरडतीस, अन् कुत्र्यांशी किती गोड बोलतीस गं!"

१५ जानेवारी

कळमनुरीत मला 'कुत्र्यावाली मॅडम' म्हणायला लागलेत. आवडतं. खोटं काहून बोलू!

१९ जानेवारी

लिहू की नको.

मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफसमोर झापलं. घरी आले तर बुंदीनं दोरीवरची धुतलेली साडी ओढून मोरीच्या चिखलात लोळवलेली. खराटा हाताशी होता.

ती पळाली नाही. पोट वर करून पडली. तरी मी मारत राहिले.

आत्या आल्या, हातातून खराटा काढून घेतला. बुंदीला उचलून आत नेलं.

संध्याकाळी ग्रुपवर खारी-टोसचा व्हिडिओ टाकला — 'प्रेम दिलं की प्रेम मिळतं.' बदाम किती आले! पुसून टाकायला पाहिजे होता. नाही पुसला.

२० जानेवारी

हात पुढे केला की बुंदी डोळे घट्ट मिटून घेते.

२३ जानेवारी

खारी-टोस कुरुंद्याला गेले, हळदीच्या मळ्यात, दोघं एकत्रच. बुंदी राहिली. बिस्किट खाते, पण अंग चोरून. तिची भीती घालवायला बसले की मलाच घाई होते — लवकर विसर ना बाई!

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आले तर डोंगरकड्याचे पुंजाजी आणि मालनबाई दारात. म्हातारं जोडपं, मुलगी सासरी गेलेली, घर रिकामं. बुंदीलाच बघायला आले होते. पुंजाजींनी टोपी सारखी करायला हात उचलला — आणि बुंदी जमिनीला चिकटली.

"काहून असं करून राहिलं हे? कुणी मारलं का त्याला?" मालनबाई.

माझ्या तोंडून निघालं, "आमच्या आत्यांना कुत्र्यांचा राग येतो. एकदा हात उठला त्यांचा."

आत्या तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभ्या! वाटलं, आता सांगतील.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं माजं. तुमी घेऊन जावा तिला. तुमच्याकडं बराबर ऱ्हाईल."

मालनबाईंनी बुंदीला पदरात घेतलं आणि चहा न पिताच दोघं उठले. आत्यांच्या हातचा नको वाटला असेल.

२७ जानेवारी

आत्यांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हटलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू इरेला पेटली असतीस, मग दिली असती का तू ती? लेकरू चांगल्या घरी गेलं न्हवं? मला कुठं कुणी मॅडम म्हणतं, माजं नाव खराब व्हायला!"

भाजी निवडत बसल्या.

२८ जानेवारी

स्टाफरूममध्ये शितलनं विचारलं, बुंदी एवढी घाबरट कशी झाली गं? मी परत तेच सांगितलं. आत्यांचं नाव. या वेळी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

घाण वाटते स्वतःची.

३१ जानेवारी

विहारातल्या बायांनी आत्यांना विचारलं म्हणे — "मुक्या जिवाला मारता व्हय तुमी?" आज त्या वंदनेला गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. दुपारभर तर अंगणात गोवऱ्या रचत होत्या.

१ फेब्रुवारी

मालनबाईंना फोन लावला. सांगून टाकलं — मीच मारलं, खराट्यानं, आत्यांनी नाही. वाटलं, शिव्या देतील.

त्या शांतपणे म्हणाल्या, "ठावं हाय आमाला. तुमी आत आल्या की ते थरथरत सासूबाईच्या लुगड्यात शिरत होतं. म्हणून तर चहाला थांबलो न्हाई, मॅडम. उचललं अन् निघालो."