बन्सीला घेऊन स्टँडवर

८ जानेवारी १९७३, सोमवार
पुन्हा वाती! सकाळपासून सगळे भिंतीला टेकून वाती वळतायत. वयानं मोठी माणसं, पण बुद्धीनं लहान, म्हणून घरच्यांनी मिरजगावच्या या आश्रमात आणून सोडलेली. ज्याचे हात थरथरतात त्यानंही वाती, रतनबाईला दिसत नाही, तिनंही वाती. आणि बी. ए. अर्धवट टाकून आलेला मी त्यांच्यावर देखरेख करतो.

बन्सीनं आज सगळा कापूस उधळला. पस्तिशीचा बाप्या. रस्त्यावर गाडी वाजली की पळत सुटतो, म्हणून पाय खाटेला बांधलेला. व्यवस्थापकांना म्हणालो, "आबासाहेब, जनावर आहे का तो?"
"कॉलेजात सरांच्या डोक्यात डस्टर तुम्हीच घातलं ना? जरा शांत व्हा."
घातलं! शैलाच्या नावानं टोमणा मारला होता त्यांनी. आजही घालीन.

१३ जानेवारी, शनिवार
शैला दर शनिवारी नगरच्या कॉलेजातून संध्याकाळच्या एस. टी.नं इथं घरी येते. स्टँडवर उभं राहायला निमित्त हवं. बन्सीला रोज गाड्या दाखवून आणतो म्हणालो, शांत होईल.
आबासाहेब म्हणाले, "एकदा जरी हातचा सुटला, तर पुन्हा दोरी. मग माझ्याशी भांडायचं नाही."
कबूल.
शैला उतरली. एकदाच बघितलं तिनं. पुरे.

१७ जानेवारी
पाऊस नाही, पाणी टँकरचं, सगळीकडं फुफाटा. गाड्या तर मातीनं माखून येतात. आज बन्सी हात सोडवून कर्जतच्या गाडीपुढं गेला आणि धोतराच्या सोग्यानं दिवे पुसायला लागला! ड्रायव्हर खाली उतरला. मी बाह्या सरसावल्या. पण तो हसला — "आरं, आता कुठं गाडीला दिसाया लागलं!"
बन्सी म्हणाला, "झालं." त्याच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द ऐकला. हात सुटल्याचं आबासाहेबांना सांगणार नाही.

२९ जानेवारी
आता रात्रीचीही दोरी सुटली. रात्री नीट झोपतो. स्वयंपाकाच्या मुक्ताबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा दिला — "न्हाईतर सम्दं धोतर फाडंल मेला." दुपारी तो फडकं धुतो, वाळवतो, घडी घालून काखेत धरतो. ड्रायव्हर लांबूनच ओरडतात, "बन्सीशेठ, डोळं पुसा आमच्या गाडीचं!"
आबासाहेबांना म्हणालो, रतनबाईलाही तिच्या आवडीचं काहीतरी द्या. "बघू." आज रतनबाई स्वयंपाकघरात बसून रेशनच्या लाल मिलो ज्वारीतले खडे वेचत होती. दिसत नाही, बोटांनीच वेचते. गुणगुणत होती!

८ फेब्रुवारी
दमलो. आंघोळी घाला, घाण कपडे बदला, भरवा. पाणी पुरत नाही. अंगाचा वास जात नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार
शैला जवळ येऊन थांबली. गाडीकडं तोंड करून बोलली. लग्न ठरलंय. मुलगा श्रीरामपूरचा, साखर कारखान्यात. "पुढच्या शनिवारी ही गाडी नगरला परत जाईल, तिला मी येते. दोघं नगरला जाऊ, तिथून पुण्याला पळून." मग बन्सीकडं बघून — "याला आणू नकोस."

२३ फेब्रुवारी
मुक्ताबाईंना विचारलं, उद्यापासून बन्सीला नेता का?
"आन भाकरी कोन थापील? तुजा बा? त्यो तुजंच ऐकतुया."
आबासाहेबांना खरं सांगण्याचा धीर झाला नाही. नुसतं विचारलं, मी नसलो तर? "तुम्ही आहात म्हणून तो मोकळा आहे. नसलात तर काय, ते तुम्हाला ठाऊक आहे."
चिडून दार आपटलं. कुणावर चिडलो?
उद्या न्यायचा नाही म्हटलं, तरी तो फडकं घेऊन फाटकात उभा राहणारच.

२४ फेब्रुवारी, नगर, माळीवाडा स्टँड
मिरजगावच्या स्टँडवर नेलाच. बन्सीला म्हटलं, आलोच. मान हलवून तो सोलापूरच्या गाडीकडं गेला.
शैला आली नाही.
तरी मी एकटाच नगरच्या गाडीत चढलो.