सुभेदार उचगावी आले

उचगाव, ता. करवीर
२४ जून

जावईबापू राजवीरराव यांना उचगावहून गणपतरावांचा रामराम. तुमची तब्येत बरी असेल, जेवणखाण वेळेवर होत असेल आणि तिकडे डोंगरावर थंडी बेताची असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. प्रत्यक्षात माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या पोटरीला हळद लावलेली आहे, दूधवाला अमरसिंह फाटकाच्या आत यायला तयार नाही, आणि मी हे पत्र पाय वर घेऊन, टेबलावर बसून लिहितो आहे.)

मी भित्रा माणूस आहे हे तुम्ही लग्नाच्या बोलणीतच ओळखलं असेल. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केली, पण पूर आला की पंचगंगा बघायला सगळं कोल्हापूर पुलावर जायचं तेव्हा मी घरात दार लावून बसायचो. तुमच्याकडे गोळाबार सुरू झाला तेव्हा बातम्या कानावर पडू नयेत म्हणून मी टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. दुसऱ्या दिवशी अक्कानं तो तांदळाबरोबर धुतला. संयोगिता मात्र रोज शाळेत जायची, मुलांना पाढे शिकवायची, घरी येऊन फोन समोर ठेवून भाजी निवडायची. माझी मुलगी माझ्यावर गेलेली नाही, ही मला आयुष्यभर वाटत आलेली गोष्ट त्या दिवसांत पक्की झाली.

असो. तुमच्या तुकडीतला तो चंदगडचा जोतीराम सुट्टीवर जाताना, सफरचंदाची पेटी घेऊन आमच्या दारात उतरला. मी म्हटलं, जावयांनी सफरचंदं पाठवली. मोठ्या कौतुकानं झाकण उघडलं, तर आतून एक लांब पांढरी मान वर आली आणि तिनं माझ्या चष्म्याकडे असं बघितलं, की तो मी आपण होऊन काढून दिला. जोतीराम म्हणाला, "काका, ह्ये आमचं सुभेदार."

त्यानं चहा पिताना सगळी हकीकत सांगितली. खालचं गाव रिकामं करून लोक निघून गेले, कुणाचा तरी हा हंस मागं राहिला, आणि चालत चालत तुमच्या चौकीवर आला. डाळ-रोटी खायला लागला. ड्रोनचा आवाज माणसाच्या कानाला लागायच्या आधी याच्या कानाला लागायचा, मग हा पंख पसरून केकाटायचा आणि तुम्हा सातही जणांना पोटऱ्यांचे चावे घेत बंकरमध्ये हाकायचा. सातजण आत आल्याशिवाय दारातून हलायचा नाही. आता तुकडी दुसरीकडे निघाली, तिथं त्याला नेता येईना, म्हणून तुम्ही तो आमच्याकडे धाडलात. ऐकताना माझे डोळे भरून आले. पण चहा संपवून जोतीराम चंदगडच्या एसटीला गेला, आणि घरात मी आणि सुभेदार राहिलो.

अक्कानं त्याला सरस्वतीचं वाहन ठरवून हळदकुंकू लावायला हात पुढं केला. (हळद पोटरीला कशी लागली ते यावरून कळेल.) अमरसिंह तालमीत जाणारा, शंभराला पाच कमी एवढ्या किलोचा गडी. त्यानं अंगणात म्हशीचं दूध मापता मापता याला "शुक शुक" केलं, आणि कळशी टाकून रस्त्यापर्यंत पळाला. पण खरा प्रसंग गेल्या गुरुवारी घडला.

आमच्या मागच्या फाउंड्रीनं नवीन भोंगा बसवला. आधीचा म्हाताऱ्या रेड्यासारखा होता. नवा आहे तो बारीक आवाजात सुरू होऊन चढत जातो, अगदी त्या दिवसांत टीव्हीवर सायरन वाजायचा तसा. गुरुवारी बारा वाजता तो पहिल्यांदा वाजला. संयोगिता त्या दिवशी घरी होती, अक्का भाकऱ्या थापत होती, आणि अमरसिंह कुंपणाबाहेरून बिल वाचून दाखवत होता. सुभेदार अंगणातून उडालेच. आधी अमरसिंहाला फाटकातून आत घेतलं, मग अक्काला चुलीपासून उठवलं, मग मला. घरात खिडकी नसलेली जागा एकच, न्हाणीघर. त्यांनी ती आल्या आल्या हेरून ठेवली असावी. दोन मिनिटांत आम्ही चौघं न्हाणीघरात होतो. अमरसिंह हंड्यावर बसला होता आणि अक्काच्या दोन्ही हातांना पीठ होतं.

"काका, ह्येला सांगा की कायतरी," अमरसिंह म्हणाला.

"गप बस, त्यो मोजतोय," अक्का म्हणाली.

खरंच मोजत होता. एकेकाकडे मान वळवून बघायचा, मग बाहेर अंगणाकडे बघायचा, पुन्हा आमच्याकडे. आम्ही चारच. आणखी तिघं कुठून आणायचे? आणि मला हसू यायला हवं होतं, पण राजवीरराव, त्या अंधाऱ्या न्हाणीघरात भोंगा चढत असताना मी अमरसिंहाचा दंड धरून ठेवला होता. आपल्या घरावर खरंच काहीतरी येऊन पडणार, असं मला वाटलं. तुम्हाला हे रोज वाटत असणार, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

तेवढ्यात संयोगिता शांतपणे म्हणाली, "बाबा, हा कुणाला शोधतोय?"

मी घाबरून म्हटलं, "साबण."

अर्ध्या तासानं जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा सुभेदारांनी आम्हाला सोडलं. तेव्हापासून रोज बारा वाजता आम्ही आपण होऊनच न्हाणीघरात जाऊन बसतो. चावा तरी वाचतो. तेव्हा कृपा करून या पाहुण्यांची काही सोय लावावी. तुम्हाला सुट्टी नाही हे संयोगितानं सांगितलं आहेच. अक्काचे आशीर्वाद. मोठ्यांनी काळजी करायची आणि धाकट्यांनी जपून राहायचं, एवढं आपापलं काम सांभाळू.

तुमचा,
गणपतराव

ता.क. वरचं सगळं संयोगिता खांद्यावरून वाचत होती. आता ती शाळेत गेली आहे, म्हणून खरं लिहितो. पाकिटावर पुण्याचा पत्ता बघून तुम्ही दचकला असाल. जोतीरामनं एसटीला निघताना मला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, "हवालदारसाहेबांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात हायत. वैनींना सांगू नगा म्हणाल्यात." त्या दिवशी सहाच जण आत आले, तेव्हा सुभेदार बाहेर पळाले आणि तुमच्याजवळ उभं राहून केकाटत राहिले, म्हणून तुम्ही सापडलात, हेही सांगितलं. मी ऐकून तिथंच खाली बसलो. तुम्ही तिला फोनवर डोंगर आणि बर्फ सांगता, आणि मी शेजारी बसून खोकतो. महिना झाला. माझ्याच्यानं आता होत नाही. सुभेदारांचं राहू द्या, तुम्ही घरी या. एका पायानं या, कुबडीवर या. इथं कुणी तुमचा पाय मोजणार नाही.

दुसरं ता.क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात संयोगिता डबा विसरली म्हणून परत आली. मी पाकीट धोतराखाली घेतलं, तिनं काढून घेतलं. पत्ता वाचला. मला वाटलं, आता ही खाली बसणार. तिनं माझंच पेन घेतलं, 'वॉर्ड तीन' खोडून 'वॉर्ड पाच' केलं आणि म्हणाली, "सोमवारी हलवलंय त्यांना." पाच आठवड्यांमागं तुमच्या बर्फातल्या फोनवर मागून कुणीतरी "मावशी, वरण आणा की" म्हणालं होतं. त्यावरून तिनं दवाखाना हुडकून काढला, आणि तेव्हापासून ती रोज तुमच्या वॉर्डातल्या नर्सबाईंशी बोलते आहे. तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून थांबली होती, आता थांबणार नाही म्हणते. रविवारी सकाळी दहापर्यंत आम्ही दोघं पोहोचतो. ती रडली नाही, आवाज चढवला नाही, डबा घेऊन शाळेत गेली. राजवीरराव, मी जन्मभर कशाकशाला घाबरलो, पण तिच्या त्या शांतपणाला घाबरलो तेवढा कशालाच नाही. तुम्हीही शनिवारपासून घाबरायला सुरुवात करा.