दार की खिडकी

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला आणि थांबले. हल्ली पोटामुळे आठांपैकी जेमतेम तीन अंगं जमिनीला टेकतात, आणि ती टेकली की मला उठवायला दोन माणसं लागतात. खोटं लिहिण्यापेक्षा उभ्यानेच नमस्कार करते, तो पूर्ण मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला का? दोघे चिरंजीव काय म्हणतात? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे सगळे आहेत. आई आली, बाबा आले, सासूबाई होत्याच. दोन खोल्यांत इतका अनुभव गोळा झालाय की मला बसायला खुर्ची मिळत नाही. (फोन का नाही केला म्हणशील. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत सासूबाई ‘स्पीकरवर टाक’ म्हणतात.)

तर मुद्द्याचं. आमचं बाळ अजून डोकं वर करून बसलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून वेळ आहे, फिरलं तर नेहमीसारखं बाळंतपण, नाही फिरलं तर ऑपरेशन, तुम्ही दोन्हीची तयारी ठेवा. त्यांनी हे सहज म्हटलं. पण आमच्या घरात ‘तयारी ठेवा’ हे शब्द सहज म्हणण्यातले नाहीत, हे तुला सांगायला नको. बाबा फायर ब्रिगेडमधून निवृत्त झाले तरी फायर ब्रिगेड त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. मला अक्षरओळखीच्या आधी जिना उतरायला शिकवलं गेलं. दुपारी झोपलेलो असताना बाबा अचानक ‘आग! कवायत आहे!’ असं ओरडायचे आणि आम्ही डोळे चोळत दप्तरासकट खाली. ‘कवायत आहे’ हे मुद्दाम ओरडायचं, म्हणजे कोणी घाबरत नाही. आणि खरंच लागली तर ‘ही कवायत नाही’ एवढं तीनच शब्दांत सांगायचं, बाकीचं बोलणं खाली उतरल्यावर. हा नियम मी बाराखडीच्या आधी पाठ केला.

त्यामुळे घरात दोन पिशव्या भरल्या गेल्या. निळी सासूबाईंची, तपकिरी आईची. सासूबाईंना चार मुलं झाली, चारही सरळ, त्यामुळे त्यांच्या मते बाळंतपण म्हणजे एक मोठी शिंक. (‘यायला लागली की थोपवायची नाही, बस.’) निळ्या पिशवीत बसायला मऊ उशी, धुण्यासाठी पाण्याची बाटली, जाड पॅड आणि ताकद टिकावी म्हणून बिस्किटांचे पुडे. आईला मी ऑपरेशनने झाले, त्यामुळे तिच्या मते बाळंतपण म्हणजे छानशी झोप. तपकिरी पिशवीत टाक्यांना न लागणाऱ्या उंच कमरेच्या चड्ड्या, खोकताना-हसताना पोटाशी दाबून धरायला वेगळी उशी, न वाकता पाय सरकवता येतील अशा सपाता. बिस्किट एकही नाही, कारण ऑपरेशनला पोट रिकामं लागतं. सासूबाई बिस्किट देतात, आई ते हातातून काढून घेते. परवा एक अर्धं माझ्या तोंडात आणि अर्धं आईच्या हातात राहिलं.

पण मावशी, शिंक आणि झोप यांच्या मधलं मला कोणी सांगत नाही. आणि मला तर कितीतरी विचारायचंय. कळ कुठून सुरू होते, पाठीतून की पोटातून? दोन कळांच्या मध्ये खरंच काही वाटत नाही का? मग तेवढ्या वेळात माणूस काय करतं, खिडकीबाहेर बघतं? ऑपरेशनला कमरेत सुई दिल्यावर पाय आपलेच आहेत हे पटतं का? आणि पडद्यापलीकडे आपलंच पोट उघडं असताना आपण अलीकडे काय बोलायचं असतं? हवापाणी? डॉक्टर आपसात भाजीचे भाव बोलत असतील तर आपण मध्ये बोललेलं चालतं का? सासूबाईंना विचारलं तर ‘अगं, तेव्हा कळतं’ म्हणतात. आईला विचारलं तर ‘मला काय माहीत, मी झोपले होते’ म्हणते. उरलीस तू. सबंध घराण्यात दोन्ही वाटा चाललेली तू एकटीच, आणि त्याही एकाच दुपारी! थोरला दारातून सरळ आला, आणि जागा मोकळी झालेली पाहून धाकटा आत आडवा पसरला, म्हणून त्याला खिडकीतून काढावं लागलं. लहानपणी आम्ही त्यांना दारवाला आणि खिडकीवाला म्हणून चिडवायचो. पण त्या दुपारी तुला काय वाटलं, हे आम्ही कोणीच कधी विचारलं नाही.

आता रविवारची हकीकत. बाबांनी ठरवलं, कवायत करायची. आधी साध्या बाळंतपणाची, आणि अर्ध्यात ते ‘बाळ फिरलं नाही!’ असं ओरडले की ऑपरेशनची. मी पलंगावर आडवी होऊन कण्हायला लागले तर बाबा म्हणाले, ‘लटकं नको. कवायतीत जसं करशील तसंच खऱ्यात करशील.’ मला कोणतंही काम अर्धवट करवत नाही, तुला माहीत आहे. मी पोटातून ओरडले. तुझा जावई पोहायला शिकवतो. त्याच्यावर माझ्या श्वासाचं काम सोपवलं होतं. ‘घे, धर, सोड’ इथपर्यंत त्याने छान केलं, पण मी खरंच ओरडल्यावर सवयीने गळ्यातली शिट्टी फुंकली, आणि कोणी बुडत असल्यासारखी फुंकतच राहिला. समोरच्या दारातले दाताचे डॉक्टर धावत बाहेर आले. त्यांना जन्मात कोणाचं ओरडणं ऐकून घाबरायची वेळ आली नसेल, पण माझ्या ओरडण्याने आली. त्यांनी परस्पर हॉस्पिटलची गाडी बोलावली.

गाडीची माणसं लिफ्ट बंद म्हणून चार जिने चढून वर आली. घामाघूम. आता त्यांना ‘आम्ही खेळत होतो’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी भिडेखातर स्ट्रेचरवर आडवी झाले. बाबांचा चेहरा तर असा उजळला होता की सांगायची सोय नाही. निवृत्तीनंतर प्रथमच ते भोंग्याच्या गाडीत बसत होते.

इकडे आई आणि सासूबाई पिशवीवरून अडल्या. ‘निळी घ्या.’ ‘तपकिरी घ्या, उपाशी आहे ती.’ ‘उपाशी कुठली, मी दोन बिस्किटं घातलीत.’ ‘कधी?’ ‘तुम्ही चपला शोधत होतात तेव्हा.’ या वादात दोन्ही पिशव्या दारातच राहिल्या, आणि जावयाने घाईत तिसरीच उचलली. हॉस्पिटलात मोठ्या नर्सबाईंनी ती उघडली, तर आत पोहण्याचा चष्मा, रबरी टोपी, ओला टॉवेल आणि नाकाला लावायची क्लिप. त्यांनी एकेक वस्तू माझ्या उशाशी मांडली आणि विचारलं, ‘पाण्यात व्हायचंय का?’

मी खरं काय ते सांगून टाकलं. ही कवायत होती, तुमचा वेळ घेतला, माफ करा. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पोटाला पट्टा बांधला, यंत्र लावलं, आणि कागदावर लहान लहान टेकड्या उमटायला लागल्या. मला तर काही दुखतही नव्हतं, नुसतं पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल पडत होतं. नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, ‘खऱ्या कळा नाहीत या. तुझं पोटही तालीमच करतंय!’ मावशी, मला इतकं नवल वाटलं! म्हणजे मी न सांगता, न शिकवता, ते आपलं आपण सराव करत होतं. बाबा म्हणाले, ‘रक्तातच आहे.’ बाळाने मात्र आजोबांचं ऐकलेलं नाही. सोनोग्राफीत डोकं अजून वरच. दोन्ही वाटा खुल्या.

निघताना नर्सबाईंनी सांगितलं, दार असो की खिडकी, तुझ्या उशाशी एकच माणूस. आधीच ठरवून ठेव, ऐनवेळी दारात भांडणं नकोत. चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांत आई होती, सासूबाईंच्या डोळ्यांत चार बाळंतपणं, जावयाच्या हातात शिट्टी, आणि बाबा तर हेल्मेट घालूनच आल्यासारखे उभे. नेमकी त्याच वेळी मला एक जोराची कळ आली आणि तो विषय तिथेच राहिला.

बाकी मी मजेत आहे. भीती अशी अजिबात वाटत नाही, फक्त उत्सुकता आहे. तू गुडघ्याला त्रास देऊन इकडे यायचं मनातही आणू नकोस, इथे माणसांना तोटा नाही. तेवढी माझ्या प्रश्नांची उत्तरं सवडीने कळव. काकांना नमस्कार, दाराला आणि खिडकीला आशीर्वाद (वयाने मोठे असले तरी).

तुझी,
तीन अंगांनी नमस्कार करणारी भाची

ता. क. वरचं पत्र आईने आणि सासूबाईंनी वाचून पास केलं आहे. सासूबाईंना ‘स्पीकर’चं वाक्य नको होतं, पण खाडाखोड दिसेल म्हणून ठेवलं. आता त्या दोघी निळीतली बिस्किटं तपकिरीत जातायत का, यावर लक्ष ठेवून आहेत, तोवर पाकीट बंद करायच्या आत हे लिहिते.

ता. क. २. ती जोराची कळ लटकी होती. त्या दिवसातली तेवढी एकच लटकी. चौघांना बाहेर चहा घ्यायला पाठवून नर्सबाई मला म्हणाल्या, ‘अभिनय पुरे, नाव सांग.’ मी म्हटलं, ‘मावशी. तिने दोन्ही केलंय, एकाच दुपारी.’ त्या म्हणाल्या, ‘मग तिला लवकर बोलाव, आम्हालाही विचारायचंय.’ घरात हे अजून कोणालाच ठाऊक नाही. तू दारात उभी राहिलीस की आपोआप कळेल, आणि तुझ्यासमोर आई बोलणार नाही. सासूबाईही नाहीत, कारण शिंकेच्या बाबतीत तू त्यांच्या बाजूची आहेस, निम्मी का होईना.

ता. क. ३. भीतीबद्दल लिहिलेलं वाक्य तेवढं पुसून वाच. दुखायला लागलेलं नाही, सगळं ठीक आहे, पोट टुणटुणीत आहे. पण दुपारी सगळे झोपले की मी दोन पिशव्यांच्या मध्ये बसते, आणि मला वाटतं की दोन्हींत काहीतरी घालायचं राहिलंय. बाकीचं बोलणं तू आल्यावर. मावशी, ही कवायत नाही.