काळ्या दोऱ्याचं पिल्लू

आत्या, तू गेल्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. नीट मोजता येत नाही, कारण मधली वर्षं मी चालण्यातच घालवली. आता मात्र दीड महिना बसलोय. उमापूरच्या अलीकडं एका मालकाच्या मागल्या अंगणात, काट्याच्या कुडाच्या आत, एक कोंबडी आणि तिची नऊ पिल्लं यांच्यासंगं. कुडाला फाटक एकच, आणि फाटकाशी मालकाचा राखणदार. पहिल्याच दिवशी त्याला म्हणालो, जरा नदीपर्यंत जाऊन येतो. तर म्हणाला, "पिल्लं बी म्हनतेत जाऊन येतो. सोडू का समद्यास्नी?" माणूस वाईट नाही. स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून देतो, पण फाटक काही देत नाही. मी वाटेत भेटलेल्या एका कासाराकडच्या, बांगड्या गुंडाळायच्या कागदावर हे लिहायला बसलो तेव्हा वाकून बघत होता. "कुनाला लिवतो बे?" म्हणालो, आत्याला. "मग तिला लिव, येऊन घिऊन जा म्हनावं." ती वारली, म्हणालो. तो म्हणाला, "तरी लिव. हितं दुसरं काम काय हाय तुला."

कसा अडकलो ते सांगतो. तू म्हणशील तोंडामुळं, आणि तोंडामुळंच. लिंबागणेशला देवळाच्या ओवरीत चार दिवस पडून होतो, तिथं तो कासार भेटला आणि त्याचं ओझं उचलत मी इकडं आलो. त्याला गावोगावच्या बायांच्या मनगटांची मापं तोंडपाठ होती, स्वतःच्या बायकोचं तेवढं आठवत नव्हतं, म्हणून दरसाल घरी छोट्याच बांगड्या नेतो आणि बोलणी खातो. असू दे. इथं पाणी मागायला थांबलो तर मालक अंगणात उकिडवा बसून पंधरा दिवसांच्या पिल्लांकडं बघत होता. त्याच्या हैदराबादच्या पाहुण्यानं असील कोंबडीची अंडी भुशात घालून पाठवली होती. असील म्हणजे झुंजीची जात, आपल्या गावात कुणाकडं नव्हती. घरातल्या बाईनं ती अंडी गावरान कोंबडीखाली बसवली, आणि जागा उरली म्हणून त्या कोंबडीची स्वतःची अंडीही त्यातच सरकवली. आता पिल्लं निघाली आणि कोण कुणाचं ते कुणाला उमजेना.

मला उमजलं. पाणी प्यायच्या आधीच उमजलं. तिघांच्या नडग्या जाड, डोकं रुंद, आणि चालणं असं की जणू गावची पाटीलकी त्यांच्याकडं आहे. मी म्हणालो, ही तीन असील, बाकी गावरान. मालक खूश झाला. तिथं लोटा खाली ठेवून निघायचं होतं बघ. पण त्यानं विचारलं, "यातला नर कंचा?" आणि मी एक उचललं, उलटं करून शेपटी बघितली. इतर दोघींना पिसांचे कोंब दिसत होते, याची शेपटी अजून बोडकी. तुझंच शिकवणं, की शेपटी उशिरा फुटते तो कोंबडा. "हा," म्हणालो.

मालकानं लगेच काळा दोरा मागवला आणि त्या पिल्लाच्या पायात बांधला. बीडला जिल्ह्याचे मोठे अंमलदार आहेत, तालुकदार साहेब, त्यांना असील कोंबड्यांचा शौक. त्यांना नजराणा जाणार म्हणाला, दोन महिन्यांचं झालं की. "तवर तू हितंच ऱ्हा. मानूस बोलला की आपल्या बोलन्याजवळ बसावं. पिल्लू बीडला गेलं की तू मोकळा." हसत म्हणाला, म्हणून मला वाटलं गंमत आहे. पाठ वळवली तर फाटकाला कडी लागलेली.

तू असतीस तर पंधरा दिवसांच्या पिल्लावर बोलली नसतीस. तुझं ते परसदार मला अजून दिसतं, शिरूरचं ते करपवणारं उन्हाळ्याचं ऊन, चुलीचा धूर मागल्या दारानं बाहेर पडतोय, आणि तू उंबऱ्यावर ज्वारी पाखडत बसलेली. माझा बाप मेंढरांमागं आठ-आठ महिने बाहेर, आई नाही, मी तुझ्याकडं. कुणी पिल्लू घेऊन आलं की तू म्हणायचीस, "दीड महिना होऊ दे, मग ये." दीड महिन्यानं तू पाखडता पाखडता उठायचीस आणि ते सूप पिल्लांच्या डोक्यावरनं सरकन फिरवायचीस, घारीच्या सावलीसारखं. ज्या तलंगा असायच्या त्या जमिनीला चिकटायच्या. जे कोंबडे असायचे ते मान ताठ करून वर बघत उभे राहायचे. मग तुऱ्याचा रंग बघायचीस, पाय चाचपायचीस, आणि एवढं सगळं झाल्यावर एक शब्द. मला ती फार लांबण वाटायची.

म्हणून त्या शेजारणीला तुझ्याआधी मीच सांगून टाकलं. दहा-अकरा वर्षांचा असेन. तिच्या लेकराचा ताप उतरत नव्हता, तिनं म्हसोबाला कोंबडा बोलला होता, आणि आपल्या पिल्लांतलं एक हातात देऊन मला विचारलं, हे कोंबडाच ना? मी म्हणालो, कोंबडा. तिनं त्याच्या पायात तांबडा दोरा बांधला, देवाच्या नावानं राखलं. लेकरू बरं झालं. चार महिन्यांनी देवाच्या कोंबड्यानं तिच्या पिठाच्या टोपलीत अंडं घातलं.

ती टोपली घेऊनच आली. "आता म्हसोबाम्होरं काय आमलेट ठिवू का गं? तुझ्या पोराला इचार." असं काहीतरी म्हणाली, का नुसतं अंडंच म्हणाली, मला आता आठवत नाही. तिचा आवाज कापत होता हे आठवतं, कारण देवाला बोललेलं चुकलं तर ताप परत फिरतो असं तिला वाटत होतं. तू हातातलं पीठ झटकलंस आणि माझ्याकडं बघून विचारलंस, "नीट बघितलं व्हतंस?" मी म्हणालो, होय. तू म्हणालीस, "मग झालं. बघून चुकनाऱ्याचा मला राग न्हाई. न बघता बोलनाऱ्याचा हाय." आणि आपला तो तांबडा कोंबडा, अंगणातला एकुलता एक, पकडून तिच्या हातात दिलास. त्या साली आपल्या कोंबड्या खुडूक झाल्या, एकवीस-एकवीस दिवस अंड्यांवर बसल्या, आणि एकही पिल्लू निघालं नाही. तू ती गार अंडी एकेक करून उकिरड्यात टाकलीस, मला एका शब्दानं बोलली नाहीस.

काल सकाळी मी राखणदाराकडून सूप मागून घेतलं. आज दुपारी बीडला निघायचं असं ठरलं होतं. पिल्लू डालग्यात घालून राखणदारच नेणार होता, त्यानं त्यासाठी पटका धुवून वाळत घातला होता. मी सूप फिरवलं. गावरानातले दोघं मान काढून उभे राहिले. काळा दोरा जमिनीला चिकटला. पुन्हा फिरवलं, पुन्हा चिकटला. त्याच्या बाजूच्या दोघीही चिकटल्या. तुरा बघावा तर असीलाचा तुरा असतोच वाटाण्याएवढा, त्याच्यावरनं काय कळणार. आणि तेव्हा मला शेपटीचं ध्यानात आलं. ही जातच पिसांना उशीर करते, एखाद्या तलंगेची शेपटीही मागं राहते, छातीचं हाडसुद्धा अजून उघडं आहे. मी गावरानाचा कायदा असीलाला लावला. तिन्ही तलंगा, आत्या. कोंबडा एकही नाही.

गप्प बसलो असतो तर आज मोकळा होतो. पिल्लू बीडला, मी गोदावरीच्या पलीकडं, आणि अंडं पडेपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. मी रात्रभर... नाही, रात्रभर नाही, मला झोप लागली, खोटं कशाला सांगू. पण सकाळी उठलो तर राखणदार पटका बांधून बसला होता आणि विचारत होता, "साहेबाम्होरं काय म्हनायचं रे? पैलं मुजरा का पैलं डालगं?" तालुकदारांच्या वाड्यात त्या नजराण्यानं अंडं घातलं असतं, तर उभं ह्याला केलं असतं, मला नाही.

मालक आला तेव्हा मी सूप फिरवून दाखवलं आणि सांगितलं.  मग त्यानं वाकून काळा दोरा सोडला, बोटाला गुंडाळला आणि म्हणाला, "पंध्रा दिसाचं बगून बोललास. आता दोन म्हैन्याचं बगून बोललास. पैलं खोटं, दुसरं खरं." मी म्हणालो, होय मालक, मग मी निघू का? तर तो म्हणाला, "आता कसा जातो? आता तर तुला कळाया लागलंय. पाहुन्याकडनं फिरून अंडी आनतो. कोंबडी बसंल, तू बी बस." राखणदारानं पटका सोडला. म्हणाला, "कावून सांगितलंस बे? पोचवून आलो असतो की." पण मग उठून गेला आणि आज अख्खी भाकरी घेऊन आला.

हा कागद कुठं धाडायचा नाही. नवी अंडी आली की टोपलीत भुशाखाली अंथरीन, कोंबडीला ऊब. त्याआधी एक राहिलंय. शेजारीण विचारत होती त्या वेळी आपल्या दारावरून दरवेशी चालला होता, डमरू वाजवत, आणि मला त्याच्यामागं पळायचं होतं. तू विचारलंस नीट बघितलं होतंस का, तेव्हा मी होय म्हणालो. पिल्लू माझ्या हातात होतं, आत्या, पण मी अस्वल बघत होतो.