बिश्केक ते शिकागो, एका दिवसाची वाट

प्रिय बुरुल,

तुझे कागद झाले, आता तू इकडे येऊन पुन्हा शिकागोला जाऊ शकतेस, हे ऐकल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. फोनवर हे बोलता येत नाही. आपा शेजारीच बसलेली असते, आईसमोर हे कसं बोलणार?

तू गेलीस तेव्हा आपानं गल्लीभर विचारून घेतलं होतं, आठवतं? बिश्केकपासून शिकागो दहा हजार किलोमीटर, इस्तंबूलला विमान बदलायचं, थांबणं धरून एक दिवस. तिला केवढं हायसं वाटलं! "धाकटी लग्न होऊन पलीकडच्या दरीत गेली समजायचं," म्हणाली. पुढे वर्षं सरत गेली, तसा त्याचाच टोमणा झाला. "एका दिवसाची वाट नऊ वर्षं संपेना! विमान आहे की म्हातारा बैल?"

मागच्या हिवाळ्यात मी दवाखान्यातली पाळी संपवून बर्फात भिजत घरी आले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. आपानं दार उघडलं आणि मला घट्ट मिठी मारली. "बुरुल! आलीस गं! विमानात झोप नाही ना लागली? डोळे बघ कसे झालेत." मी म्हटलं, आपा, मी अनारा. तर म्हणे, "दमली आहेस, काहीही बरळतेस. बस, चहा घे."

आधी रोज सांगून पाहिलं. ती रडायची, ताट सारून द्यायची. शेवटी एका संध्याकाळी मी म्हटलं, हो आपा, आले. त्या दिवशी ती दोन वाट्या सूप प्यायली. तेव्हापासून मी तिला शिकागोतल्या तुझ्या सरोवराच्या गोष्टी सांगते, तुझ्या नवऱ्याच्या ट्रकच्या सांगते. तुझं हसणंसुद्धा मला जमायला लागलंय.

पण वसंतात तिनं विचारलं, "अनारा कुठे गेली गं?" तेव्हापासून रोज खिडकीशी बसते. "तिला विमानानं किती वेळ लागतो? रागावून गेली का? कायम घरातच असायची, म्हणून तिला काय हवंय ते मी कधी विचारलंच नाही." गेल्या रविवारी फोनवर तुला 'अनारा' म्हणाली. तुला वाटलं, आवाज नीट येत नाहीये. परवा जिन्यात पावलं वाजली, तर माझ्याच तोंडून निघून गेलं, अनारा आली वाटतं.

तर आता ये, बुरुल. पण दारात आपा भेटली की, तू अनारा आहेस असं सांग. ओळख देताना चुकू नकोस. मी मागे स्वयंपाकघराशी उभी असेन. मी घरी आले की ती कशी धावत येते, ते मला एकदा बघायचंय.

तुझीच थोरली,
अनारा